अर्ध्या पायऱ्यांवरून परत

डॉक्टरांनी विजयमालाबाईंच्या डाव्या पावलावर बोटं टेकवली, कितीतरी वेळ चाचपलं... पण नाडी काही हाताला लागेना! शेजारी सून क्रांती उभी होती. दोन वर्षांत दोघींचं धड बोलणं नव्हतं. मुलाला, उदयसिंहाला, कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणूनच ती मलकापूरहून साताऱ्याला आली होती.

"पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तिच्यातून हार्मोन्स रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या जपणारी कमी पडतात, सूज आणणारी वाढतात. त्यात तुमची वाढलेली साखर आणि मिश्रीतली तंबाखू. पायाच्या शिरा अरुंद झाल्यात. चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते, हे कधीपासून?"

"दोन-तीन वरसं झाली."

क्रांतीनं चमकून वर पाहिलं.

नव्या सुनेच्या हातून औंधच्या यमाईची पहिली ओटी सासूनं शेजारी उभं राहून भरवायची, ही घरची रीत. लग्नानंतर त्या ओटीच्या दिवशी विजयमालाबाई डोंगरावरच्या देवळाच्या अर्ध्या पायऱ्यांवरूनच मागं फिरल्या होत्या, भरल्या पाहुण्यांत "माझं मन न्हाई" एवढंच बोलून. क्रांतीनं ते काळजाला लावून घेतलं आणि महिन्याभरात नवराबायकोनं बिऱ्हाड मलकापूरला हलवलं. मग विजयमालाबाईंना उरलं एकटीचं जेवण, आवाज हवा म्हणून चालू ठेवलेला टीव्ही, आणि मोज्यात लपवलेली काळी पडत चाललेली करंगळी...

"आत्या, तवा पाय दुकत व्हता?" क्रांतीनं सासूला विचारलं.

"व्हय गं."

"मग मन न्हाई का म्हनला?"

विजयमालाबाईंनी काढलेला मोजा मुठीत धरला. "तुजं सासरं जल्मभर चारचौघांत म्हनायचं, खाऊन सुस्तावलीया. पाय दुकतुया म्हनलं असतं, तर तुज्या माहेरची मानसं हसली असती. हट्टी म्हनलेलं चाललं मला... हसू नको व्हतं."

"मी वरसभर देवीला इचारत व्हते, माजं काय चुकलं म्हनून," क्रांती म्हणाली.

करंगळी वाचणार नव्हती. शीर मोकळी केली तर पाय वाचेल, आणि मग रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं, असं सांगून डॉक्टर बाहेर गेले.

विजयमालाबाई आपल्या पावलाकडं बघत म्हणाल्या, "तवाच बोलले असते तर बोटबी ऱ्हायलं असतं, आन् तुमीबी."

क्रांती खाली बसली. तिनं तो गार पाय दोन्ही हातांत घेतला.

"आमचं घर तळमजल्यावर हाय, आत्या," ती म्हणाली. "येकबी पायरी न्हाई."

विजयमालाबाईंनी ते घर अजून पाहिलं नव्हतं.