मामांचा पट्टा

हसा, हसून घ्या. भूतबित काही नसतं म्हणताय ना? मी तरी कुठे भुताचं सांगतोय... मी माझ्या साडूचं सांगतोय, आणि त्याच्यापुढे भूत परवडलं.

साडू माझ्याबरोबर मोटारी दुरुस्त करायचा. जुन्या, ऐंशी-नव्वद वर्षांच्या. गॅरेज आमच्या सासऱ्यांचं, त्यांना आम्ही दोघे जावई मामा म्हणायचो. त्या गाड्यांची बेअरिंगं तुमच्या गाड्यांसारखी तयार डब्यातून निघत नाहीत, राजांनो. बॅबिट म्हणून पांढरा धातू असतो, तो वितळवून ओतायचा, गार झाला की निळी शाई लावून कुठे टेकतंय, कुठे नाही ते बघत बघत, शाई सगळीकडे सारखी उमटेपर्यंत हातानं खरवडायचा. दोन दिवसांचं काम. शेवटी मामा त्यावर अंगठा फिरवायचे. मनासारखं नसलं तर शिवी नाही, काही नाही. नुसतं जिभेनं 'च्' करायचे आणि सगळं पुन्हा वितळवायला लावायचे. ते 'च्' सगळ्यात जास्त कुणी ऐकलं असेल तर आमच्या साडूनं. कारण त्याचं एकच पालुपद, "चालतंय!" गॅरेजात नावच पडलं होतं, चालतंय.

मामा गेले. त्यांचा कमरेचा कातडी पट्टा खिळ्याला तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार. संध्याकाळी एक बाई गाडी घेऊन आल्या. वडील नव्वदीचे, गाडी त्यांचीच. दुसऱ्या दिवशी त्यांना तीत बसवून घाट उतरायचा होता. "एकदाच, शेवटचं," म्हणाल्या. इंजिन ठोकत होतं, आतलं बेअरिंग पार झिजलेलं. शहाणा माणूस काय म्हणेल? एका रात्रीत होणार नाही. हा दिवटा म्हणाला, "सकाळी या."

आणि केलं काय? मामांच्या पट्ट्याचा वीतभर तुकडा कापला, तेलात भिजवला, बेअरिंगच्या जागी घातला आणि बोल्ट आवळले! ठोका बंद. असलं कातडं पंधरा-वीस किलोमीटर टिकतं. मग जळतं, आणि रॉड इंजिन फोडून बाहेर येतो. भर उतारावर. गाडीत नव्वदीचा म्हातारा. आणि हे त्याला माहीत नव्हतं असं समजू नका हं, चांगलं माहीत होतं! थू असल्या कारागिरीवर.

मग काय? मग रात्री अकरा वीसला साहेबांनी हात धुतले, दिवा मालवला. तेवढ्यात गाडीखालच्या खड्ड्यातून आवाज आला.

खर्र... खर्र...

उंदीर असेल, म्हणाला. उंदीर म्हणे! पोलादी पातं धातूवर फिरतं तो आवाज. वीस वर्षं ऐकलेला.

खर्र...

दार दोन पावलांवर. पाय उचलेना.

कमरेला मागून काहीतरी गार लागलं.

आवाज थांबला...

आणि अंधारात, अगदी कानाशी...

च्.

पहाटे पाचला माझं दार वाजलं. साडूबुवा उभे, दोन्ही हातांनी पँट धरून! म्हटलं, "अहो, पट्टा कुठाय?" तर नुसतं, "दादा, चला... चला ना." वाटेत सगळं ओकला. मीही वाटभर त्याची खरडपट्टी काढली.

इंजिनाचं चेंबर खालून खोललं, बेअरिंग उघडलं. आत कातडं नव्हतं. पांढराशुभ्र धातू, नवाकोरा, निळी शाई या काठापासून त्या काठापर्यंत सारखी. मी अंगठा फिरवला. या गाढवाला सात जन्मांत जमलं नसतं. खरं सांगू? मलाही नसतं जमलं. बाई वडिलांना घेऊन गेल्या. संध्याकाळी दोघं हसत परत आली.

पण ते राहू द्या. पहाटे मी भिंतीकडे पाहिलं, तर खिळ्याला मामांचा पट्टा होता. अख्खा. टाका नाही, जोड नाही.

आणि खाली खड्ड्यात साडूचा पट्टा पडला होता. बक्कल लावलेलं, तसंच.

फक्त पाठीकडचा वीतभर तुकडा... नव्हता.