शेजारच्या सीटवरचं वजन

दगडखाणीच्या फाटकाजवळ पत्र्याची एक खोली होती आणि तिथे चावीवाला बसायचा. चाव्या म्हणजे बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. पण एकेका पट्टीवर डोंगर फोडणारी मशीनं चालत, आणि कोणाच्या पट्टीने काय उघडावं हे तो कॉम्प्युटरवर ठरवायचा. कुणाला नुसतं इंजिन सुरू करण्याची लेव्हल, कुणाला खोदण्याची, आणि मुरलेल्या माणसांना दुसऱ्याला शिकवण्याची. मशीन चोरीला जाऊ नये, नवख्याच्या हाती पडू नये, म्हणून ही सगळी व्यवस्था. तिचा खरा त्रास आपल्या एकट्यालाच होतो, असं चावीवाल्याचं ठाम मत होतं.

त्या दुपारी तर त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. धाकट्या बहिणीच्या चावीची नोंद पुन्हा आपोआप बदलली होती.

बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, हे खाणीतले सगळ्यात जुने ऑपरेटर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मागच्या थंडीत तळाच्या टप्प्यावर कडा कोसळला आणि दाजी मशीनसकट गाडले गेले. त्यांचं प्रेत बाहेर काढलं, नंतर मशीनही काढून दुरुस्त केलं. चावी तेवढी मिळाली नाही. चाव्यांच्या कपाटातला त्यांचा हूक तेव्हापासून रिकामा होता. मालकाने त्यांच्या जागी बहिणीला शिकाऊ म्हणून घेतलं, आणि तिचं घर आता त्या नोकरीवर चालत होतं.

तिची चावी करताना कॉम्प्युटरने विचारलं होतं, प्रशिक्षक कोण? रकाना रिकामा सोडला की पुढेच जाईना. बाकीच्या मुरलेल्या ऑपरेटरांच्या हाताखाली आधीच माणसं होती, आणि मुकादम डोक्यावर उभा राहून घाई करत होता. शेवटी वैतागून चावीवाल्याने बंद झालेल्या चाव्यांतून दाजींचं नाव उचललं आणि टाकलं. नुसता रकाना भरायला. नंतर बदलू, म्हणाला.

आता ते बदलतच नव्हतं. दर वेळी तीच लाल ओळ यायची: प्रशिक्षण चालू आहे, फक्त प्रशिक्षक ते संपवू शकतो. तो रोज बहिणीला नवं निळं मशीन द्यायचा, आणि सकाळी तिच्या चावीवर एकच मशीन उरलेलं असायचं. दाजींचं. त्या जुनाट पोकलेनला सगळे म्हातारी म्हणत.

कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "बंद करून परत चालू करून बघा." चावीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. मुकादमाचं तर वेगळंच. "अरे, मग म्हातारीच चालवू दे ना तिला. मशीन ते मशीन. उगाच कटकट लावलीयेस."

जेवणाच्या सुट्टीनंतर बहीण चावी घ्यायला आली. बाहेर दगडाच्या भुकटीचा धुरळा इतका दाटला होता की फाटकही धूसर दिसत होतं.

"शिकवायला कोणाला बसवलंय मुकादमाने?" त्याने विचारलं.

"कोणाला बसवणार? एकटीच असते मी."

"एकटी?" त्याचा हात कीबोर्डवरच थांबला. "मग मशीन हलतं कसं?"

शिकाऊच्या चावीने नुसतं इंजिन सुरू होतं. शेजारच्या घडीच्या सीटवर शिकवणाऱ्याचं वजन पडून त्याचा बेल्ट लागल्याशिवाय मशीन तसूभरही सरकत नाही. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बहिणीने तोंडावरची भुकटी पुसली. मग हळूच म्हणाली, "लवंगेचा वास येतो रे दादा... ते दुखऱ्या दाढेत धरायचे ना, तसा. माझं चुकलं की दांडा आपोआप मागे येतो." ती किंचित हसली. "असताना कधी हात लावू दिला नाही मशीनला. आता कसं समजुतीने शिकवतात."

तो खुर्चीतून उठला. "आज सुट्टी घे. ऐक माझं."

"सुट्टी घेतली तर मुकादम घरी बसवेल. आणि आज शेवटचा धडा आहे. तळाच्या टप्प्यावर."

"कोण म्हणालं?"

 तिच्या हुकावरचा दिवा हिरवा झाला होता. चावी उचलून ती धुरळ्यात निघून गेली.

तळाचा टप्पा तर अपघातापासून बंद होता. त्याने वॉकीटॉकीवर मुकादमाला हाका मारल्या, पण नुसती खरखर. पडद्यावर म्हातारीचा ठिपका उतारावरून खाली सरकू लागला. त्याखाली लिहिलं होतं: प्रशिक्षक सीटवर, बेल्ट लावलेला. चावीवाल्याने चावी रद्द करून पाहिली. लाल ओळ. मशीन बंद करून पाहिलं. लाल ओळ. आयुष्यभर या यंत्राला शिव्या घातल्या त्याने, पण असं रडायला कधी आलं नव्हतं. "दाजी, सोडा तिला," तो पुटपुटला.

सगळे रकाने करडे होते. एकच पांढरा होता, बदलता येण्याजोगा: शिकाऊ कोण?

ठिपका कड्याजवळ पोचला होता. त्याने बहिणीचं नाव पुसलं, स्वतःचं घातलं आणि बटण दाबलं. या वेळी लाल ओळ आली नाही.

वॉकीटॉकी खरखरली. "दादा... मशीन बंद पडलं. कड्याखालीच."

"उतर. चालत वर ये. मागे बघू नकोस."

ती वर आली तेव्हा केसांपासून पायापर्यंत पांढरी झाली होती. खोलीच्या पायरीवर बसून ती हमसून रडली. "थोडंच राहिलं होतं रे. ते म्हणत होते, खाली पोचलो की संपलं... मग दोघं बरोबरच."

त्याने तिला पोटाशी धरलं. मुकादम आला तेव्हा, ही उद्यापासून वजनकाट्यावर बसेल, असं त्याला बजावून सांगितलं. नेहमी खेकसणारा मुकादम तिच्याकडे बघून नरमला आणि तिला आपल्या गाडीतून घरी घेऊन गेला. ती गाडी दिसेनाशी झाली तेव्हा कुठे चावीवाल्याच्या जिवात जीव आला.

पाळी सुटली. एकेक माणूस चावी देऊन गेला. सगळ्या चाव्या त्याने स्वतःच्या हाताने टांगल्या, बहिणीचीसुद्धा. कपाट बंद केलं, दार ओढून घेतलं आणि फाटकाशी येऊन आपली चावी लावली.

लाल दिवा.

"आता तुला काय झालं?" तो करवादला. पुसून पुन्हा लावली. लाल. मागे फिरून खोलीच्या दाराला लावून पाहिली, तिथेही लाल. काल याच चावीने खाणीतलं प्रत्येक कुलूप उघडत होतं. त्याने पट्टी डोळ्यांजवळ नेली, आणि बोटांना लवंगेचा वास आला.

खाली, धुरळ्यात, एक इंजिन सुरू झालं. त्या जुन्या खोकल्यासारख्या आवाजाचं मशीन खाणीत एकच होतं.

फाटकावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: प्रशिक्षक सीटवर आहे. शिकाऊची वाट पाहत आहे.