ग्रहण सुटेपर्यंत

फेब्रुवारी १९८०. सूर्याला ग्रहण लागले होते आणि नागपूर दारे लावून बसले होते. पुष्पलता मात्र भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन कॉलेजच्या आवारात पोचली, तर चिंचेखाली रवींद्र आधीच उभा! एम.एस्सी.ची दोन वर्षे दोघे एकाच टेबलावर प्रयोग करत होते. बोलणे मात्र 'रीडिंग घ्या' एवढेच.

"तुम्ही ग्रहण पाळत नाही?" तिने विचारले.

"आम्ही बौद्ध. आमच्या घरचं पाळणं छप्पन सालीच सुटलं. तुम्ही?"

"आईनं कोंडलं होतं. मागच्या दारानं आले."

पुठ्ठ्याची गरजच पडली नाही. पानांच्या फटींतून उतरणारे गोल कवडसे आता गोल नव्हते — शेकडो चंद्रकोरी! जमिनीवर, त्याच्या सदऱ्यावर, तिच्या मनगटावर. प्रत्येक फट एक छिद्र, प्रत्येक कोर सूर्याची प्रतिमा. स्पष्टीकरण तिला पाठ होते. तरी ती पाहतच राहिली. स्पष्टीकरणाने आश्चर्य कमी होत नाही, हे निरीक्षण तिने प्रथमच केले.

"उद्या अमरावतीची मंडळी मला पाहायला येणार..."

"मग? पोह्यांची बशी घेऊन बसणार समोर?"

"पॅरिसपासून टोकियोपर्यंत आपल्या वयाची पोरं आईबापाले एकच विचारून राहिली — काहून? मीही काल विचारलं, हाच मुलगा काहून? आई म्हणाली, मुलगा जातीतला आहे म्हणून."

तो बाहीवरच्या कोरींकडे पाहू लागला. "मग आमचं तर... नावच नको."

"घेतलं मी."

"काय?"

"तुझं नाव. आईसमोर. म्हणून तर कोंडलं! तुले विचारायचं तेवढं राहिलं... असा काहून पाहून राहिला गा?"

गा! 'तुम्ही'वरून थेट 'गा'वर! रवींद्रचे कान लाल झाले.

"विचार ना मग," तो पुटपुटला.

"चालंल तुले?"

"चालंल काय... दोन वर्षं चुकीची रीडिंग काहून येत होती माझी?" तो हसला. मग घाईने म्हणाला, "चल, महाल भागात तुझ्या घरापर्यंत सोडतो. रस्ते रिकामे आहेत, कोणी पाहणार नाही."

"म्हणूनच नाही. ग्रहण सुटू दे. लोक बाहेर येऊ दे... मग जाऊ."

कोरी फुगत फुगत गोल झाल्या. "दे दान, सुटे गिराण!" रस्त्यावरून हाक आली, दारे उघडली, नळांवर बादल्या लागल्या. तेव्हा तिने त्याचा हात धरला.

महालातल्या घराच्या दारात आई ओल्या केसांनी उभी होती. शेजारणीही होत्या. पुष्पलतेने हात सोडला नाही.