घर चांगलं होतं, हीच पंचाईत

"तुम्हीपण घर बघायलाच आलात का?"

वळचणीखाली उभ्या असलेल्या उंच माणसाने मला विचारलं. त्याच्या छत्रीची एक काडी बाहेर आली होती आणि तिच्यावरून पाण्याची धार थेट त्याच्या कॉलरमध्ये चालली होती. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मग तुम्ही बाहेर का?"

"मला आत घेत नाहीत."

खिडकीच्या गजांआडून लगेच आवाज आला. "कशी घेऊ? मालक कुवेतला, घरात बाप्या मानूस नाय. परक्याला आत घेतला तर उद्या गावभर बोंब. बायमानूस घेऊन ये म्हनलं ना तुला!"

ही जहांआरा. तिच्या नवऱ्याने महाडात नवं घर बांधलं होतं, म्हणून बिरवाडीचं हे घर विकायचं होतं. बिरवाडीला लागून नव्या कारखान्यांची वसाहत उभी राहत होती, त्यामुळे बघायला माणसं रोज येत होती.

"आईला आणलं असतं," तो माणूस मला हळूच म्हणाला, "पण तिला एस्टी लागते. बस स्टँडवर नुसती उभी असली तरी तिला मळमळतं. ...तुम्ही आत जाणारच आहात, तर तेवढं बघून मला सांगाल? घर कसं आहे ते?"

मी मान डोलावली आणि आत गेले. आणि माझं दैव असं, की घर फार चांगलं होतं.

आता कुणी म्हणेल, चांगलं घर मिळालं तर रडायचं कशाला? त्याचं असं झालं होतं. आम्ही साळवी महाडात भाड्याने राहायचो. दर पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की आमचे पिठाचे डबे माळ्यावर आणि आम्ही डब्यांशेजारी. शेवटी माझ्या आईने, कमळाबाईने, ठरवलं की उंचावर स्वतःचं घर घ्यायचं. कुठे, एवढाच प्रश्न होता. बाबा महाडच्या कचेरीत कारकून, भाऊ भिकू बिरवाडीच्या कारखान्यात, आणि मी पोलादपूरला शाळेत मास्तरीण. रोज एस्टीने जायचं, एस्टीने यायचं.

"पोलादपूरला घेऊ या की," मी म्हटलं होतं.

"आणि भिकूला केवढं लांब पडंल? तुझ्या बाबांना?"

"आणि मला?"

"तुझं काय गो, तू उद्या सासरी जाशील."

घरासाठी माझा पगार चालत होता, माझी एस्टी मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मला याचा राग यायचा. खरं सांगायचं तर रात्री उशीत तोंड खुपसून रडण्याइतका यायचा. त्यात आईचा पाय मुरगळला आणि बाबांना घरातलं कौलं आणि कोनाडे यांपलीकडे काही कळत नाही, म्हणून बिरवाडीचं घर बघायला मला पाठवलं, तेही मुद्दाम भर पावसात. आमच्याकडे घर पावसातच बघतात. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. मी मात्र निघतानाच ठरवलं होतं की गळती शोधायची, ओल शोधायची, नाहीच मिळाली तर झुरळं शोधायची.

काही म्हणजे काही मिळालं नाही. वासे खडखडीत कोरडे, स्वयंपाकघरात छान उजेड, मागे विहीर, विहिरीशेजारी फणस. आईने बघितलं असतं तर तिथेच चूल मांडली असती. मी हवालदिल होऊन बाहेर आले.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यानेच घेतलं तर? मग आमच्या घरच्यांना घेताच येणार नाही!

"अप्रतिम," मी म्हणाले. "असं घर शोधून सापडायचं नाही. लगेच घेऊन टाका."

"गळत नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

"स्वयंपाकघर?"

"मोठं. उजेड तर इतका की दिवसा पेपर वाचावा."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे मोठे मिश्कील होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. "बाई, एक विचारू? घर इतकं चांगलं आहे, तर तुम्ही का नाही घेत?"

"आम्हाला... इतकं चांगलं नको आहे."

"अस्सं!"

"तुम्हाला घ्यायचं आहे की नाही?"

"घ्यायचं आहे ना. पण आई विचारेल, चुलीसमोर बसलं की रस्ता दिसतो का? तिला येणारंजाणारं माणूस दिसलं नाही तर भाकरी करपते."

मी पुन्हा आत गेले, चुलीसमोर उकिडवी बसले, बाहेर येऊन सांगितलं की रस्ता दिसतो. मग त्याला विहिरीची पायरी निसरडी आहे का ते हवं झालं. मी पुन्हा गेले. परत येताना जहांआराने माझ्या हातात दोन कप चहा दिले, एक माझा, एक त्या बाहेरच्याचा.

"बाय," ती तोंडाला ओढणी लावून म्हणाली, "तू घर बघतंस, का त्याला दाखवतंस?"

चहा पिताना कळलं की त्याचं नाव सोमनाथ तांबे, घरी सोमा. राहायला पोलादपूरला, नोकरी इथल्याच कारखान्यात मशीनवर. रोज एस्टी.

"मी महाडहून पोलादपूरला जाते. शाळेत," मी म्हणाले.

"म्हणजे मी खाली येतो तेव्हा तुम्ही वर जाता?" त्याने कप खाली ठेवला. "त्या अरुंद पुलाजवळ समोरची एस्टी थांबते बघा रोज... त्यात तुम्ही असता?"

"असेन."

"कुठल्या बाजूला बसता?"

"जागा मिळेल तिथे," मी म्हणाले आणि छत्री उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारेबुवा उजव्या खिडकीशी बसले होते. मला उलटी होईल असं सांगून मी त्यांना तिथून उठवलं.

पुलाजवळ आमची बस थांबली. समोरून त्याची आली, अगदी हाताच्या अंतरावरून, हळूहळू सरकत... आणि खिडकीत तो! त्याने भुवया उंचावल्या. मी हाताने खूण केली — घ्या, घर घ्या! त्याने मान हलवली — आई, आई! तेवढ्यात बस निघून गेली. मास्तरणीने असे हातवारे करणं बरं नव्हे, असं शेजारच्या बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

मग ते रोजचंच झालं. कधी तो काच पुसून नुसता हसायचा. एकदा गवताच्या पेंढीएवढा सोनचाफा घेऊन बसला होता, त्यातलं एक फूल त्याने माझ्या खिडकीत अचूक टाकलं. त्याची दुपारपाळी असली की पुलावर नुसतीच बस यायची आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गातली मुलं फार मार खायची.

घरी मी आईला ठोकून दिलं होतं, "बिरवाडीचं घर गळतं गो. पार चुलीत." आईने ते घर सोडून दिलं आणि मी निश्चिंत झाले.

एक दिवस सोमनाथ शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. "बाई, आईने बोलावलंय. म्हणते, तू तर घर बघितलंच नाहीस. जिनं बघितलं तिला आण."

त्याची आई, गीताबाई, पोलादपूरच्या बाजारामागे भाड्याच्या खोलीत राहायची. मी पाया पडायला वाकले तर तिने मला तशीच धरून समोर बसवलं आणि हातावर नाचणीचा लाडू ठेवला. "सांग गो. कसा हाय घर? सोम्याला रात्रपाळीची झोप नाय, डोळं बघ कशे झालेत. तो कंपनीजवळ ऱ्हायला गेला म्हंजे माझा जीव निवंत."

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आणि तेव्हा माझ्या शहाण्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की हा बिरवाडीला राहायला गेला, तर एस्टीत बसणारच नाही. पुलावर रोज नुसती बसच येणार, कायमची. आणि हे सगळं मीच जमवून आणलं होतं.

या माणसाशिवाय माझी सकाळ होत नाही, हे मला लाडू खाता खाता कळलं.

"घर... तसं बरं आहे," मी म्हणाले. "स्वयंपाकघर जरा अंधारं आहे."

"अंधारं?" सोमनाथने विचारलं. "दिवसा पेपर वाचावा असं होतं ना?"

"तेव्हा सकाळ होती."

"आणि विहीर?"

"पाणी खारट असावं. मला तसा संशय आला."

"बघूनच?"

गीताबाई माझ्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच जाऊन बघते."

पुढच्या रविवारी मी सकाळीच बिरवाडीला निघाले. जहांआराला हातापाया पडून सांगणार होते की घर दुसऱ्या कुणालातरी विकून टाक. निघताना आई कुठे दिसली नाही, पण तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

जहांआराच्या दारात पोचले, तर वळचणीखाली सोमनाथ, त्याच जागी, त्याच छत्रीत. आणि आतून तीन बायकांचे आवाज.

"माझी आई आत आहे," तो म्हणाला. "मिठाच्या टेम्पोत पुढे बसून आली, नाकाशी लिंबू धरून. आणि तुमचीही आई आहे. भिकूच्या सायकलवर आली. भिकूला कंपनीत कुणीतरी सांगितलं म्हणे, घर अजून आहे आणि गळतबिळत काही नाही."

आतून जहांआरा कडाडली. "गळतं? माझा घर? कोन बोलली?"

"माझीच पोर, शकू!" हा माझ्या आईचा आवाज.

"आणि मला सांगितलान अंधारं हाय, पाणी खारट हाय!" ही गीताबाई. "हा काय अंधार हाय?"

"अगो, ती पोर तर तीन येळा आत येऊन गेली, चुलीसमोरपन बसली," जहांआरा म्हणाली. "बाहेर हा उभा होता, त्याला सांगायला."

मला वाटलं, पागोळ्यांबरोबर वाहून जावं.

"बाई," सोमनाथ म्हणाला, "आता खरं सांगा."

"खोटं बोलले मी," मी म्हणाले. "आधी तुम्ही घर घ्यावं म्हणून. मग... घेऊ नये म्हणून."

"का घेऊ नये?"

"पुलाजवळ एस्टी थांबते... म्हणून."

तो हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल. छत्री त्याने माझ्या डोक्यावर धरली आणि आपण भिजत उभा राहिला.

"हे घर तुमच्या आईला घेऊ दे," तो म्हणाला. "भिकूला जवळ पडेल, बाबांनाही फार लांब नाही. मी पोलादपूरला बघतो घर. तुमच्या शाळेजवळ. म्हणजे... तुम्हाला चालत जाता येईल."

"आणि तुमची कंपनी?"

"मी जाईन की एस्टीने."

"रात्रपाळी? झोप?"

"माझं मी बघेन. तुम्ही किती वर्षं त्या पुलावरून येताजाता, शकू? आता बास झालं."

माझ्या येण्याजाण्याचा विचार आजवर कुणी केला नव्हता, आणि हा माणूस माझ्या शाळेपासून घर मोजत होता. मी नुसती मान हलवली आणि डोळे पुसत आत गेले. आईला सांगायला हवं होतं.

आई स्वयंपाकघरात, आखडलेला पाय पसरून बसली होती. मी तिच्यापाशी बसून सगळं सांगून टाकलं. तो, मी, पोलादपूर, त्याची एस्टी. गीताबाईने लिंबू खाली ठेवलं आणि फणसाकडे बघत ऐकलं नाही असं दाखवलं.

"बया!" आई म्हणाली. "म्हंजे जावयाला रोज येवढी दगदग?"

मी बघतच राहिले. मग हसू आलं, आणि हसता हसता रडूच यायला लागलं. "आई, त्याची लगेच दिसली? माझी कधी दिसली नाही ना?"

आईने पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

"दिसत नव्हती व्हय? भिजून यायचीस, पाय सुजायचं. येकदा जरी म्हनले असते ना, पोरीची दगदग होते, तर तुझे बाबा म्हनले असते, मग सोडू दे नोकरी. गप ऱ्हायले म्हनून टिकली तुझी नोकरी."

"म्हणून 'सासरी जाशील, सासरी जाशील' लावलं होतंस?"

"कायतरी बोलाया नको? जा आता. पोरगा भिजतोय बाहेर."

मी बाहेर आले. सोमनाथच्या कॉलरमध्ये धार चाललीच होती.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

मी त्याच्या हातातली छत्री घेतली आणि आम्हा दोघांवर धरली.

"म्हणाली... जावयाची फार दगदग होईल."