तुमचं नाव झाकून ठेवा

“तुमचं नाव किती लांब आहे?”

परक्या गावात, भर बापू बाजारात, एका अनोळखी तरुणाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न! आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझी कानशिलं तापतात.

साल एकसष्ट. माझे वडील आप्पासाहेब विमा कंपनीत. त्यांची बदली जयपूरला झाली, तेव्हा त्यांनी वेंगुर्ल्याची आपली छोटी होडीही सोबत आणली. इथे समुद्र नाही म्हणून लोक हसले. आप्पा हसले नाहीत. आठवडाभर कागद खरडायचे आणि रविवारी रामगडच्या तलावात वल्हं मारायचं... तेवढ्यावर तो माणूस जगत होता. पण बनीपार्कातल्या आमच्या घराच्या अंगणात पडल्या पडल्या उन्हाळ्याच्या लूने, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याने, होडीच्या फळ्या तडकल्या. आईने निर्वाणीचं सांगितलं, “आता पावसाळ्यात वर कुजलीही, तर बंबात घालीन. आंघोळीचं पाणी तरी तापेल.”

म्हणून मी तंबू-कनातींच्या त्या दुकानात शिरले होते. “तिरपाल चाहिए. होडी के ऊपर डालना है,” माझ्या वेंगुर्ली हिंदीत मी म्हणाले. समोर आलेलं कापड चाचपून पुटपुटले, “मेलं गोणपाट नुसतं!” तर गल्ल्यामागचा तरुण आनंदाने उठलाच. “तुम्ही मराठी?” आणि लगेच तो प्रश्न.

“शालिनी आप्पासाहेब सबनीस!” मी कडाडले. “घ्या मोजून!”

तो गोंधळला. “नाही... मतलब... मधे पोट किती रुंद आहे?”

“काय म्हणालात?”

“उघडं नका ठेवू हो. झाकून ठेवा. नाही तर तुमचं नाव खराब होतं!”

मी छत्री उचलली. मारायला की जायला, ते माझं मलाच ठरत नव्हतं. तो घाबरून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी वल्हवू लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“होडी! तुम्हाला होडी म्हणायचंय! अहो, नाव ‘ती’ असते. ‘तुमची नाव.’ ‘तुमचं नाव’ म्हणजे... शी!”

“सॉरी, शालिनीजी,” तो म्हणाला. रागाच्या भरात मी नाव सांगून बसले होते ना!

हा नंदकिशोर कर्णिक. सर्जन कर्णिकांचा मुलगा, जन्म जयपूरचा. डॉक्टरकी सोडून तंबू विकायला बसला म्हणून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. बोलत असते तर मराठी तरी सुधारली असती.

त्याने रबर चढवलेलं कापड दिलं. “एक थेंब आत जाणार नाही.”

“आणि हवा?”

“नाव काय श्वास घेते?” म्हणून हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडायची. मी ती पाहिली नाही, असं मी ठरवलं.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी मी आच्छादन उचललं... आणि आतून वाफेचा भपकारा! रबराला खालून थेंब लटकलेले, फळ्यांवर हिरवी बुरशी. आप्पा नुसते फळीवर हात फिरवत राहिले. आई मात्र बंबाकडे बघत होती.

तशीच भिजत मी दुकान गाठलं.

“खरं बोललात! एक थेंब आत गेला नाही. पण आतलाही बाहेर गेला नाही! घुसमटली ती! आमच्याकडे होडीवर माडाचे झाप घालतात, ते का वेडे म्हणून? आणि हसता काय?”

“हसत नाही,” तो हळूच म्हणाला. “तुमची वेणी... माझ्या कनातींवर पाऊस पाडतेय.”

मी वेणी मागे टाकली. थेंब नेमके त्याच्या चष्म्यावर गेले. त्याने ते पुसले नाहीत.

संध्याकाळी तो सायकलवर जाड सुती कॅनव्हासचा गठ्ठा घेऊन दारात हजर. मेण आणि तेल वितळवून आम्ही दोघांनी ते कापडात जिरवलं. मी म्हणाले, दोन्ही टोकं उघडी हवीत, वारा खेळला पाहिजे. तो म्हणाला, मग मधे बांबू उभारू, तंबूसारखा उतार देऊ, पाणी साठायला नको. दोरी एकच होती. गाठी मारताना बोटं एकमेकांना लागत होती... मी दर वेळी रागावत होते, आणि दर वेळी गाठ सैल आहे म्हणून पुन्हा सोडवत होते.

बुरशी घासून वाळवलेल्या होडीत आईने काडेपेटी ठेवली. “पुढच्या झडीनंतर यातली काडी पेटली, तर होडी राहिली. नाही पेटली, तर बंब मी चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवीन.”

झड आली, पडून गेली. सकाळी नंदकिशोर न बोलावता आला. मेणावरून थेंब मोत्यांसारखे घरंगळत होते. आप्पा दाराशी उभे, पुढे यायचा धीर नाही. नंदकिशोरने आत वाकून काडेपेटी काढली, काडी ओढली... एकदा... दुसऱ्यांदा...

फर्रर्र!

आप्पा लहान मुलासारखे वल्ही आणायला धावले. आई “चहा टाकते” म्हणून आत गेली. म्हणजे हरली.

काडी जळत होती. तो माझ्याकडे बघत होता.

“शालिनीजी... तुम्ही माझं नाव घ्याल?”

“माझी!” मी उसळले. “किती वेळा सांगायचं? माझी नाव! आणि तुमच्याकडे नाव आहेच कुठे? ही तर आमची—”

“नाही,” तो म्हणाला. “आज बरोबर बोललोय.”

आमच्यात बाई चारचौघांत, उखाण्यात, एकाच माणसाचं नाव घेते. हे त्याला कुणी शिकवलं? काडी त्याच्या बोटाशी आली तरी तो ती टाकेना. असला हट्टीपणा! मी पुढे होऊन फुंकर मारली.

“घेईन,” मी रागानेच म्हणाले. “पण झाकून ठेवणार नाही.”