बर्फातल्या पाच बाटल्या

भिंगकाकांनी फ्रीजमधली बाटली काढून हलवली. आत डुचमळलं. चिठ्ठीवर मात्र 'शुद्ध बेंझीन' लिहिलं होतं.

प्रयोगशाळेचं भांडार सांभाळणाऱ्या काकांच्या गळ्यात कायम भिंग असे, म्हणून हे नाव.

"यंत्र म्हणतं, हे टोल्युइन आहे," साहेब म्हणाले. "दोन्ही रसायनं दिसायला पाण्यासारखी, वासही जवळपास सारखा. बेंझीन शुद्ध करायचं आठ दिवसांचं काम पाण्यात. दुपारी हिला कामावरून काढतोय."

ही म्हणजे नवी केमिस्ट. तिची नणंद इथेच दहा वर्षं केमिस्ट होती. आत्ता नणंद मान खाली घालून काचेच्या नळ्या पुसत होती. त्या आधीच लख्ख होत्या.

"काल जाताना बाटलीत काय दिसलं, पोरी?" काकांनी नव्या केमिस्टला विचारलं.

"बेंझीन कडेने गोठायला लागलं होतं, काका. साडेपाच अंशांखाली ते गोठतंच. ताईही होत्या."

"माझं लक्ष नव्हतं, वहिनी," नणंद म्हणाली.

"टोल्युइन कुठे कुठे आहे?" काकांनी नणंदेलाच विचारलं.

"चार बाटल्या फळीवर. एक माझ्या कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडेच असते."

"पाचही बर्फात ठेवू."

नणंद हसली. "टोल्युइन बर्फात गोठत नाही, काका. शाळेतली पोरंही सांगतील."

"मग ठेवायला काय हरकत आहे?"

तिचं हसू मावळलं.

अर्ध्या तासाने चार बाटल्या डुचमळल्या. पाचवी काकांनी उलटी केली, तर आतला पांढरा गोळा जागचा हलला नाही. ती कपाटातली होती.

"काल सगळे गेल्यावर अदलाबदल झाली," काका म्हणाले. "हिच्या बाटलीत टोल्युइन, हिचं बेंझीन नणंदेच्या कपाटातल्या बाटलीत. ओतून टाकलं असतं, तर मी हात टेकले असते. पण मुरलेल्या केमिस्टचा एवढं शुद्ध बेंझीन फेकायला जीव होत नाही."

साहेबांनी हातातलं कामावरून काढण्याचं पत्र फाडलं.

"का, ताई?" वहिनीने विचारलं.

"दादा तुझा झाला. आई उठता-बसता तुझे गोडवे गाते. इथे तरी माझं नाव होतं. परवा साहेबांनी तुझी पाठ थोपटली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला."

वहिनीने गार बाटली दोन्ही हातांत धरली. तिचे डोळे भरून आले होते.

"खरंच शुद्ध होतं का ते?"

नणंदेने हातातली नळी खाली ठेवली.

"काल रात्री तपासलं मी. दहा वर्षांत माझ्या हातून एकदाही इतकं शुद्ध निघालं नाही."