लिओनसिओ गातो तेव्हा

"अगं, वर बघ! सरक!"

एनेइदाने वर पाहिलं, तर डोक्यावर अख्खा पियानो दोराला लोंबकळत होता. बाल्कनीतून एक तरुण घाबराघुबरा होऊन हात हलवत होता.

"पियानो माझ्या वाटेत आणलास तू! तूच सरकव!"

"आवाज छान आहे गं... गातेस का?"

"ओरडतेय मी, कळत नाही?"

अशी ती त्या तरुणाच्या, लिओनसिओ बारेतोच्या, बँडची गायिका झाली. दोन वर्षांत या बँडने पोन्से शहर वेडं करून सोडलं. लिओनसिओची बोटं पियानोवर पडली, की गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याही खुर्च्या सोडायच्या. आता न्यूयॉर्कचं बोलावणं आलं होतं. सगळे निघाले होते, एनेइदाचाच होकार अडला होता. "बँडला गायिका हवी ना," एवढंच लिओनसिओ म्हणाला होता, आणि तिला त्यापुढचं ऐकायचं होतं. एवढा मोठा कलावंत, पण तिच्यासमोर त्याची दातखीळ बसायची.

निरोपाच्या नाचाला चौक फुलून गेला. गाणं रंगात आलं, की गायिका मनाला येईल ते जोडत जाते आणि बाकीचे ध्रुपद धरतात. एनेइदाने जोडलं –

"पियानोवाला म्हणतो, चल न्यूयॉर्कला...
कुणासाठी येऊ, ते सांगतच नाही!"

"सांग रे, सांग!" बँडने ध्रुपदच बदललं. चौकाने ते उचललं.

लिओनसिओ लालबुंद झाला. गाणं थांबवायची खूण त्यानेच करायची होती. पण थांबवलं, तर ती उद्या न्यूयॉर्कला येणार नव्हती... तो नुसता वाजवत राहिला.

"अरे, बोल नाहीतर संपव!" बँडमधला कोंगा ढोल बडवणारा म्हातारा चागो ओरडला. "हाताची सालं निघाली माझ्या!"

"मला गाता येत नाही, काका!"

"ते अख्ख्या पोन्सेला ठाऊक आहे. गा मेल्या!"

आणि तो गायला. फाटक्या, घोगऱ्या आवाजात –

"बँडला मिळेल दुसरी... मला नाही मिळायची. माझ्यासाठी चल!"

गाता गाता त्याचा ताल चुकला. लिओनसिओ बारेतोचा! नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, माना वळल्या. चागोने कसाबसा ठेका सावरला.

एनेइदा माइक सोडून पियानोपाशी आली. तिचे डोळे भरले होते, ओठ मात्र हसत होते.

"किती भयंकर गातोस रे..."

"येशील?"

"येते म्हटलं, की तू पुन्हा कशाला गाशील?" ती त्याच्या बाकावर टेकली. "अजून एकदा गा... मग येते."

लिओनसिओने पुन्हा सूर लावला, आधीपेक्षाही बेसूर.